सातबारा, पंचनामा आणि अपील

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या उत्तरेस, जेथे तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन संपून सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड, चढउताराची जमीन सुरू होते आणि थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशाची हद्द लागते, त्या पट्ट्यात कापसाच्या वा तुरीच्या उभ्या पिकाआड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून काढल्याची बातमी खानदेशातील वृत्तपत्रवाचकाला आता नवी राहिलेली नाही. बातमीचा साचाही ठरून गेला आहे. गुप्त खबर, छापा, उपटलेल्या झाडांचा ढीग, ढिगामागे ओळीने उभे असलेले अधिकारी, वजन, बाजारभावाने केलेली किंमत आणि शेवटी एखाद्या शेतकऱ्याचे नाव. बातमी तेथे संपते आणि खटला तेथून सुरू होतो. खटल्याचा निकाल आरोपीच्या विरुद्ध लागला, म्हणजे त्याच्यापुढे अपिलाचा जो लांबलचक मार्ग उरतो, त्याविषयी मात्र वृत्तपत्रांत सहसा अवाक्षर येत नाही.

ज्या मातीत आज हे पीक गुन्हा ठरते, त्याच मातीत ते एके काळी सरकारी परवान्याने उभे राहत असे. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली १८९३ साली नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने हजाराहून अधिक साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून १८९४ मध्ये जो निष्कर्ष काढला, तो सरसकट बंदीचा नव्हता. परवाना, कर आणि देखरेख यांच्या योगे या व्यवहारास आवर घालावा, असा होता. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर ही त्या काळची गांजाची प्रसिद्ध ठिकाणे; त्यांपैकी खांडवा तर सातपुड्याला लागूनच. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मादक द्रव्यांवर फास आवळला, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने औषधेतर वापर बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची सवलत दिली, आणि ती मुदत सरत आलेली असताना १४ नोव्हेंबर १९८५ रोजी गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांच्याविषयीचा केंद्रीय कायदा अमलात आला. पोलीस ठाण्यापासून उच्च न्यायालयापर्यंत त्याला सर्वजण 'एनडीपीएस' एवढेच म्हणतात.

या कायद्याच्या विसाव्या कलमाचे दोन भाग आहेत, आणि लागवडीच्या अपिलातील निम्मे वादविवाद या दोहोंच्या सरमिसळीतून उत्पन्न होतात. पहिला भाग गांजाच्या झाडाच्या लागवडीचा. त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. किमान शिक्षा कायद्याने ठरविलेली नाही आणि झाडांच्या संख्येवरून किंवा वजनावरून शिक्षेच्या पायऱ्याही पाडलेल्या नाहीत. दुसरा भाग गांजा बाळगणे, विकणे, वाहून नेणे यांचा. तेथे मात्र २००१ च्या दुरुस्तीपासून वजनच सर्व काही ठरविते. एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प, वीस किलोच्या वर गेलेले व्यापारी, आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी. परसात लावलेले एक झाड आणि दोन एकरांत पसरलेले पीक कायद्याच्या एकाच ओळीत बसतात खरे, पण त्या ओळीत न्यायाधीशाच्या तारतम्याला मोकळी जागा ठेवलेली आहे. वजनाच्या ओळीत ती जागा बंद होते. म्हणून दोषारोपपत्रात केवळ लागवडीचे कलम लागले की त्याच्या जोडीला उपटलेल्या झाडांचे वजन करून बाळगण्याचेही कलम लागले, यावर आरोपीचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

पुराव्याचा भारही या कायद्याने फिरविलेला आहे. सामान्य फौजदारी खटल्यात आरोपीने गप्प राहिलेले चालते, कारण सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची असते. येथे कलम ३५ आरोपीच्या मनातील हेतू गृहीत धरावयास सांगते आणि कलम ५४ मुद्देमालावरून गुन्हाच गृहीत धरण्याची मुभा देते. परंतु याच चोपन्नाव्या कलमात झाडांसंबंधी जी ओळ आहे, ती वाचताना घाई करून चालत नाही. आरोपीच्या मालकीच्या जमिनीवर उगवलेली झाडे, असे ती म्हणत नाही. आरोपीने ज्या जमिनीची मशागत केली आहे त्या जमिनीवर उगवलेली झाडे, असे म्हणते. याचा अर्थ असा की, गृहीतकाचे दार उघडण्यापूर्वी सरकारपक्षाला एक गोष्ट स्वतःच्या बळावर सिद्ध करावी लागते, आणि ती म्हणजे ती जमीन त्या हंगामात हाच इसम कसत होता ही. लागवडीच्या खटल्याचा सगळा डोलारा या एका वस्तुस्थितीवर उभा असतो; आणि अपिलात तो कोसळतो तेव्हा बहुधा याच ठिकाणी कोसळतो.

हे कसे घडते हे समजण्यासाठी, कोणा एका प्रकरणाचा निर्देश न करता, अशा खटल्यांच्या कागदांत वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक शेत डोळ्यांसमोर आणावे. तीन भावांच्या नावे सामाईक सातबारा, बाप हयात, थोरला भाऊ कामासाठी गुजरातेत, धाकटा गावात, आणि गटाच्या एका कोपऱ्यात तुरीच्या ओळींमध्ये पुरुषभर वाढलेली झाडे. दुपारी छापा पडतो. तालुक्याच्या गावाहून गाडीत आणलेले दोन पंच बांधावर उभे राहतात. झाडे मुळासकट उपटली जातात, मुळांची माती झटकली जाते वा तशीच राहते, वजनकाट्यावर भारे चढतात आणि पंचनामा लिहिला जातो: मजकूर इसमाच्या ताब्यातील शेतात अमुक झाडे मिळून आली. 'ताब्यातील' हा शब्द लिहिण्यास एक क्षण लागतो. त्याचा आधार कोणता, हे लिहावयाचे बहुधा राहून जाते. चतुःसीमा अर्धवट असतात, गट नंबर पोलीस पाटलाला विचारून घातलेला असतो, मोजणीचा नकाशा नसतो. तपासाच्या ओघात तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा मागविला जातो आणि तो दोषारोपपत्राला जोडला की मालकी सिद्ध झाली, असे समजून अंमलदार पुढच्या कामाला लागतो.

मग वर्ष-दीड वर्षाने तलाठी साक्षीला येतो आणि त्याची उलटतपासणी आपल्या न्यायालयांच्या ठरीव भाषेत नोंदली जाते. हे म्हणणे खरे आहे की, सातबाऱ्यावर तीन खातेदारांची नावे आहेत. हे म्हणणे खरे आहे की, त्यांच्यात वाटप झाल्याची फेरफार नोंद नाही. हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या दिवशी मी जागेवर हजर नव्हतो. हे म्हणणे खरे आहे की, सदर गटाला कुंपण नाही व त्यातून पायवाट जाते. हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे. पाच वाक्ये, त्यांपैकी पाचवे रिवाजापुरते. पहिल्या चारांत अपिलाचा मसुदा तयार झालेला असतो, आणि खालच्या न्यायालयाने त्यांच्याकडे दुर्लक्ष करून शिक्षा दिली, तरी ती चार वाक्ये दप्तरात तशीच शिल्लक राहतात. उच्च न्यायालय पुन्हा साक्षीदार बोलावीत नाही. ते हेच कागद नव्याने वाचते.

सातपुड्याच्या पायथ्याशी हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तेथील पुष्कळशी कसलेली जमीन वनखात्याच्या दप्तरी असते आणि तिला सातबाराच नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्याने दावा दाखल केला, त्याने ग्रामसभेपुढे आणि उपविभागीय समितीपुढे लिहूनच दिलेले असते की, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ही जमीन माझ्या वहिवाटीत आहे आणि मी ती कसतो. हक्क मिळावा म्हणून दिलेला तोच कागद फौजदारी खटल्यात सरकारपक्षाच्या हाती पडला, तर मशागत कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आरोपीच्याच सहीने किंवा अंगठ्याने मिळते. खासगी जमिनीतही १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने अशीच स्थिती आणली आहे. शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून कापसाचे छायाचित्र स्थानदर्शक आकड्यांसह चढवितो आणि त्या हंगामात ती जमीन आपण कसत होतो याची साक्ष आपणच देऊन ठेवतो. ज्या तपासात हे पुरावे शोधले जातात, तेथे अपिलाची वाट अरुंद होते. ज्या तपासात केवळ सातबारा जोडून काम भागविले जाते, तेथे ती रुंद राहते.

२००४ च्या निर्णयसंग्रहात छापलेला, उत्तर प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका अपिलाचा निर्णय या बाबतीत वकिलांच्या जिभेवर असतो. शेतात गांजाची थोडी झाडे सापडली होती. तेवढ्यावरून खालच्या न्यायालयांनी दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्याचे कारण कोणाही शेतकऱ्याला पटेल असे दिले: जमिनीत पडून राहिलेले बी निसर्गक्रमाने उगवून येऊ शकते, म्हणून काही झाडे शेतात आढळली एवढे पुरेसे नाही, आरोपीने ती लावली व जोपासली हे दाखविणारा पुरावा पाहिजे. या निर्णयाचा आधार प्रत्येकाला मिळतोच असे नाही. ओळीत लावलेली, खत घातलेली, ठिबकच्या नळीवर वाढलेली झाडे वाऱ्याने पडलेल्या बियांतून आली असे कोणी म्हणू लागला, तर न्यायालय ते ऐकून घेत नाही. पण झाडे ओळीत होती की विखुरलेली, त्यांच्या बुडाशी आळी केलेली होती की नव्हती, हे पंचनाम्यात लिहिलेलेच नसेल, तर अपिलाच्या वेळी त्याचे उत्तर द्यावयास शेतही उरलेले नसते. त्या जागी नंतर कितीतरी पिके येऊन गेलेली असतात.

वजनाचा वाद याहून सूक्ष्म आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांची सोबत नसलेली पाने आणि बी व्याख्येतून वगळलेली आहेत. आता हिरवे, ओले, पुरुषभर उंचीचे झाड मुळापासून शेंड्यापर्यंत तोलले तर त्या वजनात शेंड्यांचा वाटा किती? चाळीस किलो ओल्या झाडांतून व्याख्येत बसणारा गांजा वीस किलोच्या वर भरतो की त्याच्या खाली, याचे उत्तर केवळ तराजूवरून मिळत नाही. शेंडे वेगळे करून तोलले तरच मिळते. मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या अर्जांवर या व्याख्येचा काटेकोर विचार केलेला आहे. झाड उभे असताना ते लागवडीच्या कलमाखाली येते. उपटून ढिगात घातल्याबरोबर ते बाळगलेला गांजा होते काय, हा प्रश्न वरवर तार्किक कसरतीसारखा वाटला, तरी एका बाजूस न्यायाधीशाच्या तारतम्याची शिक्षा आणि दुसऱ्या बाजूस किमान दहा वर्षे, एवढे अंतर त्यात सामावलेले आहे.

याखेरीज कार्यपद्धतीची कलमे आहेत. मिळालेली खबर लिहून ठेवून बहात्तर तासांच्या आत वरिष्ठांकडे पाठविणे, अटक व जप्तीचा अहवाल अठ्ठेचाळीस तासांत देणे, मुद्देमाल मोहोरबंद ठेवणे, आणि कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमक्ष यादी व नमुने प्रमाणित करून घेणे. २००९ मध्ये घटनापीठाने सांगितले की, खबर लिहिण्याच्या बाबतीत समाधानकारक कारणाने झालेला विलंब क्षम्य होईल, पण तरतुदीचे पालन मुळीच न करणे चालणार नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नमुने दंडाधिकाऱ्यासमक्ष घेण्यावर भर दिला, आणि त्या विषयाचे नवे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये काढले. ऑक्टोबर २०२० च्या निर्णयाने तपास अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यातून बाद केला. याउलट, फिर्यादी अधिकाऱ्यानेच तपास केला एवढ्या कारणाने आरोपी आपोआप सुटत नाही, असे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये घटनापीठाने ठरवून २०१८ चा निर्णय मोडीत काढला. अपिलाचा पाया एका बाजूने भक्कम होत असताना दुसऱ्या बाजूने असा खचतही असतो; काल हमखास वाटणारा मुद्दा आज टिकेलच, अशी हमी कोणी वकील देत नाही.

आता प्रत्यक्ष मार्ग. शिक्षा झालेल्या इसमास निकालपत्राची नक्कल विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि अपील उच्च न्यायालयात साठ दिवसांच्या आत दाखल झाले पाहिजे. मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, आणि कैदेत असलेल्या माणसाचा विलंब न्यायालये सहसा सहानुभूतीने पाहतात. वकील लावण्याची ऐपत नसेल, तर तुरुंगाच्या अधीक्षकामार्फत अर्ज पाठविता येतो; त्यास जेल अपील म्हणतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतील व्यक्ती आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती, दोघीही उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकिलास पात्र आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावची अपिले औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे तिकडच्या माणसाची मुंबईची खेप वाचली आहे. अपील केले म्हणजे शिक्षा वाढेल, ही गावोगाव ऐकू येणारी भीती निराधार आहे. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढविण्याचा अधिकार न्यायालयास नाही. ती वाढवून हवी असेल, तर सरकारला स्वतंत्रपणे तशी मागणी करावी लागते.

तथापि अपील दाखल होणे आणि अपील ऐकले जाणे यांमध्ये जी वर्षे जातात, ती कोठे घालवायची, हा खरा जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. १९८९ पासून अमलात आलेल्या कलम ३२-अ ने या कायद्याखालील शिक्षेला स्थगिती देण्याची वाट जवळजवळ बंदच करून टाकली होती. ऑक्टोबर २००० मध्ये, महाराष्ट्र राज्य प्रतिवादी असलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ते कलम न्यायालयाचा अधिकार हिरावून घेते तेवढ्यापुरते घटनाबाह्य ठरविले; अपिलाचा हक्क देऊन अपिलाच्या काळातील दिलाशाचा विचारच करू नये, हे न्यायाला धरून नाही, असा त्याचा आशय. शासनाकडून मिळणाऱ्या शिक्षामाफीवरील बंदी मात्र तशीच राहिली, त्यामुळे या कायद्याच्या कैद्याचे दिवस इतर कैद्यांप्रमाणे चांगल्या वर्तणुकीने कमी होत नाहीत. व्यापारी प्रमाणाच्या शिक्षेत कलम ३७ ची अट आडवी येते, कारण आरोपी दोषी नसावा असे मानण्यास सबळ कारण आहे, अशी खात्री न्यायालयास पटावी लागते. केवळ लागवडीची शिक्षा त्या अटीत बसत नाही, हा युक्तिवाद उच्च न्यायालयांनी जामिनाच्या टप्प्यावर अनेकदा मान्य केला आहे; आणि ठराविक मुदतीची शिक्षा असून अपील लवकर निघण्याची आशा नसेल, तर स्थगितीचा उदारपणे विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगून ठेवले आहे. वास्तविक पुष्कळ गरीब कैद्यांच्या बाबतीत स्थगितीचा अर्ज हेच अपील असते. तो नामंजूर झाला, तर पाच वर्षांची शिक्षा भोगून झाल्यावर अपील बोर्डावर येते, आणि त्या वेळी मिळालेली निर्दोषता घरी नेऊन करायचे काय, हे न्यायालयाच्या हुकुमात लिहिलेले नसते.

दोष कायम राहिला तरी शिक्षेचा प्रश्न उरतोच. लागवडीला किमान शिक्षा नसल्यामुळे झाडांची संख्या, आरोपीचे वय, पूर्वीचे निष्कलंक चारित्र्य, घरातील अवलंबून माणसे यांचा विचार करून उच्च न्यायालय भोगलेली कैद पुरेशी मानू शकते. दंडाची बाजू मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. पन्नास हजार किंवा एक लाखाचा दंड न भरल्यास आणखी सहा महिने वा वर्ष, अशी जी पुरवणी निकालपत्राच्या शेवटी असते, ती सधनाला लागू पडतच नाही. दोन एकर कोरडवाहू कसणाऱ्याला ती हमखास भोगावी लागते. ही पुरवणी कमी करून घेणे हे अपिलातील एक माफक, परंतु पुष्कळदा साध्य होणारे यश आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मेहनतीने छापा घालणाऱ्या अधिकाऱ्याच्या कागदातील एका उणिवेमुळे खरा गुन्हेगार सुटावा काय? रात्री-अपरात्री डोंगरात जाऊन, फितूर होणारे पंच आणि न बोलणारे गाव यांच्यातून वाट काढून ज्यांनी काम केले, त्यांना हा निकाल अन्यायाचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही बाजू मान्य करूनही दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली ही की, बी देणारा, पैसा पुरविणारा आणि माल नेणारा यांच्यापैकी कोणीही छाप्याच्या दुपारी बांधावर उभा नसतो. भांडवल पुरविण्याचे वेगळे आणि कडक कलम कायद्यात असूनही हाती लागतो तो जमिनीजवळचा माणूस. दुसरी ही की, कायद्याने स्वतःच जमीनधारक आणि लागवड करणारा यांत भेद केलेला आहे. आपल्या जमिनीत दुसऱ्या कोणी चोरून लावलेल्या झाडांची माहिती जाणूनबुजून न देणाऱ्या धारकासाठी कलम ४६ आहे, आणि तशीच खबर देण्याचे कर्तव्य कलम ४७ ने पंच, सरपंच व गावकामगार यांच्यावरही घातले आहे. मालक, वहिवाटदार आणि लावणारा हे तिघे निरनिराळे असू शकतात हे ज्या कायद्याने जाणले, त्या कायद्याखालील तपासाने तिघांना एकच धरून चालू नये, एवढीच मागणी अपिलात केली जाते.

म्हणून या प्रश्नाचा उपाय कायदा सैल करण्यात शोधण्याची गरज नाही. छाप्याच्या दिवशीच मोजणीदाराकडून जागेचा नकाशा करून घ्यावा, शेजारच्या दोन खातेदारांचे जबाब मशागतीविषयी नोंदवावेत, झाडे उपटण्यापूर्वी ती ओळीत होती की नाही याचे चित्रण करावे, शेंडे वेगळे तोलावेत आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमक्ष घ्यावेत. यांतील एकही गोष्ट तालुक्याच्या ठिकाणी अशक्य नाही. एवढे झाले तर ज्याने लावले त्याची शिक्षा अपिलात टिकेल, आणि ज्याच्या केवळ सातबाऱ्यावर झाडे उगवली तो दोषारोपपत्रापूर्वीच बाजूला होईल. ज्या कायद्याने पुराव्याचे ओझे आरोपीच्या खांद्यावर सरकविले, त्याने सरकारच्या वाट्याला ठेवलेले काम थोडकेच आहे. ते थोडके कामही पुरे न करता दहा वर्षे मागण्याचा अधिकार सरकारला नाही, एवढेच उच्च न्यायालय अशा अपिलांतून पुनःपुन्हा सांगत असते.